इंजिनरूमवाल्याचे कान

निवृत्ती पगारेने एकदा डोक्यात घेतलं, की तो कोणाच्या बापाचं ऐकत नसे. आणि आता तर कानांनीही त्याला साथ दिली होती. उभी नोकरी ‘सागरलक्ष्मी’ जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढल्यावर दुसरं काय होणार? वर बेटांवर जाणारे प्रवासी, खाली सिमेंट, कांदे, मोटारसायकली, कधी बकऱ्यासुद्धा, आणि सगळ्यांच्या तळाशी निवृत्ती, हातात तेलाचा डबा. तिथे आवाज इतका, की माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलत. सुट्टीवर नाशिक रोडला आला की घरीही तेच. बायको, विमलाबाईही ओठांनी बोलायला शिकली. न शिकून सांगते कोणाला!

जहाज मोडीत निघायला एक हंगाम उरला होता. जुन्या माणसांना बोलावणं आलं आणि निवृत्तीने बॅग भरून दारात ठेवली. अडचण एकच, कानांची तपासणी.

“तू फक्त समोर बस आणि ओठ हलव,” तो म्हणाला.

“अहो, या वयात ही लबाडी?”

“विमल, ‘सागरलक्ष्मी’ला शेवटचं पोचवून येऊ दे मला.”

मेली सवत! पण त्याचे डोळे भरलेले बघून विमलाबाई विरघळली.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात मीना डॉक्टर त्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि कागदावरचे शब्द हळू आवाजात वाचू लागल्या. “बादली.” त्यांचे डोळे कागदात. समोर बसलेल्या विमलाबाईने गुपचूप ओठ हलवले.

“बादली,” निवृत्ती ठणकावून म्हणाला. पुढचे शब्दही असेच पार पडले. झाला पास!

बाहेर बाकावर त्याची कळी खुलली होती. “आमच्याकडची शिस्त बघायला हवीस तू. आगीची घंटा झाली की सगळे धावत वर. मग वरून दारं बंद करून आग विझवायला खाली गॅस सोडतात. आत राहिला तो गेला.”

तेवढ्यात कंपाउंडरने हाक मारली, “निवृत्ती पगारे!” पुन्हा मारली. मग ओरडलाच. निवृत्ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मजेत हसत होता.

विमलाबाई ताडकन उठली. त्या घंटेच्या वेळी समोर बसून ओठ हलवायला कोण असणार होतं? आपल्याच तोंडाने आपण हे काय करून बसलो, म्हणून तिला स्वतःचा भयंकर राग आला. तो रुसेल, अबोला धरेल, जेवणावर राग काढेल. काढू दे. कंपाउंडरला बाजूला सारून ती तरातरा आत गेली.

“डॉक्टर, सर्टिफिकेट देऊ नका.”

“का हो?” म्हणताना मीना डॉक्टरांची नजर दाराकडे गेली. विमलाबाईने वळून पाहिलं. दाराच्या काचेपलीकडे निवृत्ती येऊन उभा होता, तिच्या तोंडाकडे एकटक बघत.

तोंडाला पदर लावणं सोपं होतं. तिने लावला नाही. काचेकडेच तोंड ठेवून, त्याला नीट दिसावा असा एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, “ह्यांना ऐकू येत नाही. शब्द मी सांगत होते. मला हे जिवंत हवेत.”