लांब दांडीचा व्हॉल्व्ह

न्हाणीघरातला जुना व्हॉल्व्ह गोल चाकाचा होता. तो पुरता उघडायला सात-आठ फेरे लागत आणि हिच्या बोटांत आता जेमतेम एका फेऱ्याचे बळ उरले होते. आजार बोटांपासून सुरू होऊन वर सरकणारा. डॉक्टरांनी काही लपवले नव्हते. रोज सकाळी मी आत जाऊन पाणी सोडून देई आणि तेवढा वेळ ही टॉवेल धरून भिंतीकडे तोंड करून उभी राही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिला इतके अवघडलेले मी पाहिले नव्हते.

"एवढं एक करून द्या," ती म्हणाली. "हात चालतोय तोवर माझं पाणी मला सोडू दे."

प्लंबर आला. त्याने लोखंडी पाइपावर पान्याने दोनदा ठोकले, तर गंजाचे पोपडे फरशीवर पडले.

"काका, हा आतून बुजलाय. सगळंच काढू. गरम पाण्याला चालतो तो प्लास्टिकचा पाइप टाकू, सीपीव्हीसी. त्यावर पितळी बॉल व्हॉल्व्ह, लांब दांडीचा. पाव फेऱ्यात उघडतो. काकूंना मनगटानं ढकलला तरी चालेल. दोन दिवसांचं काम."

त्याने कागदावर चार ओळी लिहून दिल्या. मी तेव्हाच 'बरं' म्हणायला हवे होते.

पण छत्तीस वर्षे मी छापखान्यात मुद्रिते तपासली. पहिल्या वाचनात निसटलेली चूक दुसऱ्यात सापडते, दुसऱ्यातली तिसऱ्यात. आयुष्यात मला खात्रीने ठाऊक असलेली गोष्ट बहुधा एवढीच. मी त्या चार ओळींसमोर लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्हे केली आणि वाचनालयातून नळकामावरची तीन पुस्तके आणली.

पहिले पुस्तक म्हणाले, तांबे घ्या. दुसरे म्हणाले, पाणी आम्लधर्मी असेल तर तांब्याला भोके पडतात. मी बाटलीभर पाणी तपासायला दिले. अठरा दिवसांनी अहवाल आला. पाणी आम्लधर्मी नव्हते. तांबे ठरवले. मग तिसऱ्या पुस्तकात वाचले की तांबे आणि टाकीकडून येणारा जुना लोखंडी पाइप थेट जोडले तर लोखंड झिजत जाते. मध्ये पितळ घालता येते, असे पुढच्याच पानावर होते, पण तोवर माझा धीर गेला होता. मग वितळवून जोडायचा पाइप मनात आला, पण त्याचा सांधा आतून कसा बसला ते दिसत नाही. न दिसणाऱ्या कामावर मी कधी सही केली नव्हती.

दर वेळी प्लंबरला बोलावून नवा कागद हाती देत होतो. चौथ्या खेपेला तो दारातच थांबला, पिशवीही खाली ठेवली नाही.

"काका, लोकांच्या घरी पाणी गळतं, तुमच्याकडे नुसता विचार गळतोय."

"पंचवीस वर्षं टिकायला हवं ना," मी म्हणालो.

आतून ही म्हणाली, "कुणासाठी?"

प्लंबर हसला, मग हसायचा थांबला.

संध्याकाळी मी तिला भरवत होतो. चमचा धरणे तिने आदल्याच आठवड्यात सोडले होते. पुस्तक माझ्या मांडीवर उघडे होते.

"मला होकार कळवायलाही तुम्ही सात महिने लावलेत," ती म्हणाली. "तेव्हा मी थांबले. वय होतं थांबायचं. ही बोटं नाही हो थांबणार."

"हे शेवटचं प्रकरण," मी म्हणालो.

खोटे नव्हते. ते खरेच शेवटचे होते, त्यानंतर फक्त सूची होती.

काम झाले तेव्हा पहिल्या कागदाला चार महिने उलटून गेले होते. पाइप सीपीव्हीसीचा, व्हॉल्व्ह पितळी, बॉलचा, लांब दांडीचा. मी जपून ठेवलेला पहिला कागद काढून पाहिला. चारही ओळी तशाच्या तशा. लाल प्रश्नचिन्हे तेवढी माझी.

"झकास झालंय," प्लंबर हत्यारे पुसत म्हणाला. दांडी बोटाने ढकलली तरी हलत होती. कुठे थेंबही गळत नव्हता. त्याने आत हिच्याकडे पाहिले आणि 'काकूंना दाखवा' म्हणायचे टाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला धरून न्हाणीघरात नेले. तिने दांडीकडे पाहिले, जरा पुढे झुकली. हात खांद्यातूनच उठेना. पुन्हा प्रयत्न केला. मी स्टूल आणले, तिला बसवले. आता दांडी आणखी उंच झाली. ती किती उंचीवर बसवायची, हे मी तिन्ही पुस्तकांत शोधले नव्हते. तिला विचारलेही नव्हते.

मी तिचा तळवा उचलून दांडीवर ठेवला, वर माझा हात ठेवला आणि ढकलले. पाणी आले. स्वच्छ, भरपूर, हवे तितके गरम.

"बघ, सोडलंस," मी म्हणालो.

"तुम्ही सोडलंत," ती म्हणाली. चिडून नाही, एखादी चूक दाखवावी तशी. मग तिने तोंड भिंतीकडे केले.

बादली भरली. मी पाणी बंद केले. त्यालाही पाव फेराच लागला.