टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज

"सही करा, मिस्त्री. चार ओळी तर आहेत," साहेबांनी कागद पुढे सरकवला.

सहा मजली कचेरीची लिफ्ट मिस्त्री एकतीस वर्षं सांभाळत होते. इंग्रजी मात्र त्यांना मशीनवरच्या पाटीपुरतंच यायचं. "उद्या देतो," म्हणत त्यांनी कागदाची घडी खिशात घातली.

मोठी बहीण शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. तिनं वाचून अर्थ सांगितला. टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज, अपघाताच्या दिवशी लिफ्ट ठीक होती. सफाईच्या बाईंनीच निष्काळजीपणे दार उघडलं.

"सुरुवातीचं ते कशाला?"

"माझ्या माहितीप्रमाणे, असं. साहेबानं तुला पळवाट ठेवलीय. उद्या अंगाशी आलं तर म्हणशील, मला कुठं ठाऊक होतं?"

"आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं, ताई?"

"त्यानं ते लिहायचं नाही. माहिती अपुरी असेल तेव्हा लिहायचं. जन्मभर पोरांना हेच शिकवलं मी."

मिस्त्रींना सगळं ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक धरत नव्हतं. लिफ्ट नसतानाही दार उघडायचं. दुरुस्ती होईपर्यंत लिफ्ट बंद आणि तिचा फ्यूज मिस्त्रीच्या खिशात, हा त्यांच्या धंद्याचा नेम. त्यांनी तो काढलाही होता. पण त्या दिवशी बडे पाहुणे यायचे होते. साहेब म्हणाले, बसवा, आजचा दिवस ढकला. मिस्त्रींनी बसवला. दुपारी बाईंनी बादली बाहेर ठेवली, दार उघडलं, पाऊल टाकलं आणि आत लिफ्ट नव्हती. आता त्यांचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते, आणि वर ठपकाही त्यांच्यावरच येणार होता.

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत रे तुझ्या," ताई म्हणाली. "आयुष्यभर नाकासमोर चाललास."

"नाकासमोर चाललो म्हणून तर ती बाई पडली. पेन दे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद उलगडला. टाइप केलेल्या ओळींवर काट मारून खाली मराठीत लिहिलं होतं : मला माहीत आहे. लॉक बिघडलेलं होतं. साहेबांच्या सांगण्यावरून फ्यूज मी बसवला. बाईंची चूक नाही.

"हे शहाणपण कुणी शिकवलं? अशा कागदावर मोघमच लिहायचं असतं, मिस्त्री."

"माहीत नसेल त्यानं, साहेब. मला माहीत आहे. तुम्हालाही आहे."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. चौकशीवाल्यांना एक प्रत देऊनच वर आलोय."

लॉक अजून बदललेलं नव्हतं, लिफ्ट मात्र खुशाल चालू होती. मिस्त्री मशीनच्या खोलीत गेले, लिफ्ट रिकामी असल्याची खात्री केली आणि फ्यूज काढून खिशात टाकला. मग कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी जिना उतरू लागले.

तिसऱ्या मजल्यावर बाईंची बादली अजून दाराशीच होती. आतलं पाणी वाळून गेलं होतं. त्यांनी ती उचलली आणि उरलेल्या पायऱ्या उतरले.