करंगळीएवढी धार

आमच्याकडे थंडी नुसती पडत नाही, मुक्कामाला येते आणि उठायचं नाव घेत नाही. सकाळी दाराबाहेरचं पायपुसणं पत्र्यासारखं कडक झालेलं असतं. गाईच्या बादलीतलं पाणी कुऱ्हाडीच्या दांड्याने फोडावं लागतं. नवरा ट्रकवर, तो थंडी उतरल्यावर उगवतो. घरात मी, सासूबाई, गाय आणि माझा डावा खांदा. खांदा वेगळा मोजते, कारण हल्ली तो माझं ऐकत नाही.

खांदा गेला तो नळापायी. यंदा स्वयंपाकघरातली नळी दोनदा गोठली. ती गोठली की ओढ्यावर जायचं, बर्फ फोडायचा, बादल्या भरून चढ चढायचा. गाय ते सगळं एका दमात पिऊन माझ्याकडे बघत उभी राहते, की पुन्हा उतरायचं.

दुसऱ्या वेळी प्लंबरने गरम फडकी गुंडाळून नळी कशीबशी सोडवली. म्हणाला, "वहिनी, रात्री नळ करंगळीएवढा चालू ठेवत जा. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. आता पुन्हा गोठली तर नळी भिंतीत फुटेल, आणि थंडी संपेपर्यंत मला हात लावता येणार नाही." म्हणजे उरलेला हिवाळा मी आणि ओढा.

तसं मला हे आधीही ठाऊक होतं. मी रोज झोपताना नळ थोडा सोडतच होते. पण सासूबाईंना वाहता नळ ऐकवत नाही. त्यांची उमर त्या ओढ्याचं पाणी वाहण्यात गेली. घरात नळ आला तेव्हा त्यांचे केस पिकले होते. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा त्या फेकू देत नाहीत. मी झोपले की उठायच्या आणि नळ करकचून बंद करायच्या. दोन्ही वेळा हेच झालं.

काल प्लंबर गेल्यावर माझा तोल सुटला. "आई, नळाला हात लावायचा नाही. यापुढे गोठला तर ओढ्यावर तुम्ही जायचं. माझ्यात आता जीव उरलेला नाही."

त्या शेगडीपाशी हात शेकत होत्या. "अगं, रात्रभर चांगलं पाणी मोरीत सोडून द्यायचं?"

"हो, सोडून द्यायचं."

"बरं," म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'वर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण पहारा द्यायला अंगात त्राण नव्हतं. धार सोडली, खांद्याला तेल चोळलं आणि आडवी झाले.

सकाळी जाग आली तर घरात चिडीचूप. धार ऐकू येईना. अंथरुणातच रडू फुटलं, खोटं कशाला बोलू. मग शाल ओढून उठले, बादल्या घेण्यासाठी स्वयंपाकघरात गेले.

बादल्या भरलेल्या होत्या. पातेली भरलेली, कळशी भरलेली, परात काठोकाठ. कप, वाट्या, डाव, माझा जेवणाचा डबा आणि त्याचं झाकणसुद्धा. पाय ठेवायला जागा नव्हती. मोरीपाशी स्टुलावर दोन गोधड्या पांघरून सासूबाई बसल्या होत्या, डोळे लालभडक. नळाची धार करंगळीएवढी चालू होती. तिच्याखाली त्यांनी सुती फडकं धरलं होतं, म्हणून आवाज येत नव्हता. फडक्याचं टोक शेवटच्या तांब्यात सोडलेलं.

"तुझी झोपमोड नको म्हणून," त्या म्हणाल्या. बोटं निळी पडली होती. "बंद नाही केला हं मी. पण भांडी संपली गं."

मला रागवायचं होतं, ते जमेना.

"आज ओढ्यावर जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "गाईचंसुद्धा झालंय यात."

मी त्यांचे हात माझ्या शालीत घेऊन चोळले, जरा ऊब आल्यावर त्यांना धरून अंथरुणात नेलं. पाठ टेकली तरी मान वर करून मोरीकडेच बघत होत्या.

"आणि तो तांब्या? भरत आला असेल."

"पडा आता. मी बसते."

मग एक भरलेलं पातेलं तसंच चहाला शेगडीवर चढवलं, बादली गाईपुढे रिकामी केली, परत येऊन ती धारेखाली लावली आणि खांदा भिंतीला टेकवून स्टुलावर बसले.