‘नको’ नावाचं माझं बटण

मी एक जुना ॲम्प आहे. बत्तीस किलोचा, लाकडी पेटीचा, पोटात काचेचे चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पीकर. गिटारची वायर माझ्यात खुपसली की तिचा बारीक आवाज मोठा करून बाहेर सोडायचा, एवढंच माझं काम. पण मित्रांनो, गेले चार महिने मी किती वैतागलो, ते कुणाला सांगू? मला बोलता येत नाही. मला फक्त तापता येतं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझी एकेक तार जोडली आणि आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने सही केली. ती सही अजून आहे. कुणीही पाहिलेली नाही, पण मला ती आहे हे माहीत आहे, आणि वाईट दिवसांत तेवढाच आधार वाटतो.

तिथून मी मामांकडे आलो. मामा आठ जणांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. त्यांच्या पुढे चार पितळी वाद्यं असायची, त्यामुळे गिटार ऐकू यायची मारामार. यावर मामींनी एक पद्धत काढली होती. कार्यक्रमाआधी मामा स्टेजवर वाजवत आणि मामी सगळ्यात मागच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसत. मामींनी हात वर केला की बटण वाढवायचं, खाली केला की कमी करायचं, आडवा हलवला की ते सोडून दुसरं धरायचं. मान डोलावली की काम झालं. मग त्या पुढे येत, पर्समधून लाल नेलपॉलिश काढत आणि प्रत्येक बटणाच्या कडेला बरोबर जागेवर एक ठिपका लावत. पाच बटणं, पाच ठिपके. लोक मामांना विचारत, हा आवाज कुठून आणला हो? मामा मागच्या खुर्चीकडे बोट दाखवत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मामा गेले आणि माझ्यावर चादर आली. चादरीवर इस्त्री आली, इस्त्री गेली आणि कुंडी आली. कुंडीला रोज पाणी. वीज आणि पाणी यांचं एकमेकांशी कसं जमतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. नऊ वर्षं मी जीव मुठीत धरून होतो.

मग मामींची भाची मला बघायला आली. नववीतली. घरात सगळे तिला चिमणी म्हणतात, आणि तिला वाजवायचं होतं डूम मेटल. म्हणजे फार संथ, फार जड संगीत. एक सूर डोंगर कोसळल्यासारखा सोडायचा आणि तो पूर्ण खाली बसेपर्यंत वाट बघायची. खरं सांगतो, मला कल्पना आवडली. माझ्या वयाला शोभणारं काम.

मामी म्हणाल्या, "दुरुस्तीवाले भाऊ याला सुट्या भागांसाठी मागतायत. शाळेच्या कार्यक्रमात तुझी गिटार मला शेवटच्या खुर्चीत ऐकू आली, तर हा तुझा. नाही आली, तर त्यांचा."

"ऐकू येणार नाही? मामी, तू कानात बोटं घालशील," चिमणी म्हणाली.

घरी नेल्यावर तिने मला फडक्याने पुसलं. कुंडीचा डाग गेला. लाल ठिपके गेले नाहीत. "शी, कुणीतरी नेलपॉलिश सांडलंय," म्हणत तिने बटणं तेवढी बाहेर ठेवून माझ्या अख्ख्या तोंडावर काळी टेप चिकटवली आणि चंदेरी पेनने माझ्या बटणांचं बारसं केलं. खालच्या जाड सुरांचं बटण डोंगर. वरच्या तीक्ष्ण सुरांचं वीज. आवाज फाडणारं बटण राक्षस. आवाज वाढवण्याच्या बटणाला नाव दिलं शेजारी, कारण ते दीडच्या पुढे गेलं की शेजारी येत. राहिलं मधल्या सुरांचं बटण. तिने कुठेतरी वाचलं होतं की जड आवाजात मधले सूर ठेवायचेच नसतात. म्हणून त्याचं नाव ‘नको’. आणि ते शून्यावर.

मित्रांनो, मामींचा ठिपका तिथे आठवर होता. टेपखाली.

मग पेडलं आली. पेडल म्हणजे पायाने दाबायची डबी, गिटार आणि माझ्या मध्ये बसून आवाजाला काहीतरी करणारी. पहिली डबी फझची. ती बिचारी गुणी होती. आवाज लोकरीसारखा दाट करायची आणि गप्प बसायची. पण नंतर याच्याकडून त्याच्याकडून मागून आणलेल्या आणखी पाच आल्या आणि नळावर भांडल्यासारख्या एकदम बोलू लागल्या. डोंगर दहावर, राक्षस दहावर, सहा डब्या चालू. खोलीत खिडकीची काच थरथरायची, चिमणीच्या अंगावर काटा यायचा. ती मला पाठ टेकून वाजवायची, आणि माझ्या डोक्यावर चहाचा कप. रोज.

शाळेत पहिला सराव झाला. ड्रमवर तिची मैत्रीण, काडीसारखी बारीक, म्हणून तिला सगळे बुलडोझर म्हणतात. बेसवर, म्हणजे जाड सुरांच्या गिटारवर, मौनीबुवा, जो आठवड्यातून एक वाक्य बोलतो. गाणं संपल्यावर बुलडोझरने काठ्या खाली ठेवल्या.

"छान. आता गिटारसकट घेऊ."

"मी वाजवत होते," चिमणी म्हणाली.

"कधी?"

मौनीबुवाने त्या आठवड्याचं वाक्य वापरलं. "मला वाटलं पंखा आहे."

अहो, पंखाच वाटणार. तळमजला बेसचा, गच्ची झांजांची. गिटार राहते मधल्या मजल्यावर, आणि आमच्याकडे त्या मजल्याला कुलूप घालून वर ‘नको’ लिहिलेलं. मी हे ओरडून सांगत होतो, पण माझं ओरडणं त्या सहा डब्यांतूनच बाहेर येणार. चिमणीने काय केलं? तिने डोंगर आणखी वाढवायला बघितला. तो दहाच्या पुढे जाईना, तर ती माझ्यावरच चिडली. "म्हातारा झालाय हा." म्हातारा. पोट बिघडल्यावर माणसाने आणखी दोन पोळ्या खाव्यात आणि ताटाला नावं ठेवावीत, तसं झालं हे.

त्या दिवसापासून मी ठरवलं, जे येतं ते करायचं. तापायचं. रोज दोन दोन तास मी त्या टेपखाली तापलो. डिंक मऊ झाला. ‘नको’च्या जवळचं टोक केसभर सुटलं. चिमणीने ते अंगठ्याने परत दाबलं. पुन्हा सुटलं. पुन्हा दाबलं. असे तीन आठवडे.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दोन वाजता हॉलमध्ये शेवटचा सराव होता. मामी आल्या. दुरुस्तीवाले भाऊही आले, चाकांची ट्रॉली घेऊन. माणूस वाईट नव्हे, पण माझ्याकडे बघताना मी त्यांना तुकड्यांतच दिसतो. मामी शेवटच्या खुर्चीवर बसल्या. चिमणीने डोळे मिटून पूर्ण गाणं वाजवलं.

मामी उठल्या, स्टेजवर आल्या, वाकल्या.

"माझे ठिपके कुठे गेले?"

"कसले ठिपके?"

मामींनी सुटलेलं टोक नखात धरलं आणि टेप एका ओढीत काढली. पाचही ठिपके जागेवर होते.

चिमणीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, कुणीतरी सांडलंय."

"सांडलंय? एकेका ठिपक्यासाठी तुझा मामा तासभर ताटकळायचा." मग त्यांनी एका लाल ठिपक्यावरून बोट फिरवलं. "पण हे त्याच्या गाण्याचे. तुझं गाणं दमलेल्या हत्तीसारखं चालतं, त्याला हे चालणार नाहीत. वाजव. मी मागे बसते."

आणि नऊ वर्षांनी तो हात वर झाला. ‘नको’ चार. सहा. सात. हात खाली: डोंगर निम्मा. हात आडवा: डबी बंद. दुसरी बंद. पाच डब्या गेल्या, फझ राहिली. राक्षस उतरवायची वेळ आली तेव्हा चिमणी अडली. "मामी, मग ते जड नाही राहणार."

मागून उत्तर आलं, "जड म्हणजे घट्ट गं. गढूळ नव्हे."

शेवटी शेजारी. हात वर, वर, आणखी वर. सातवर. इतक्या वर्षांत कुणी मला पूर्ण श्वास घेऊ दिला नव्हता.

चिमणीने एकदाच तार ओढली. माझे दोन्ही स्पीकर पुढे आले, स्टेजच्या फळ्यांतून सूर खाली उतरला, लोखंडी खुर्च्या एकापाठोपाठ गुणगुणू लागल्या. तो सूर हळूहळू बसेपर्यंत बुलडोझर काठी हवेत धरून थांबली. मौनीबुवा म्हणाला, "हं." मागे मामींची मान डोलली.

"वहिनी, मग मी ट्रॉली रिकामी नेऊ?" भाऊंनी विचारलं.

"रिकामी कशाला? त्या पाच डब्या न्या. ज्याच्या त्याला पोचवा."

मामींनी सवयीने पर्स उघडली आणि बंद केली. "आता मी कुठे लावते." तेव्हा चिमणीने आपली नखं पुढे केली. काळी कुळकुळीत. बाटली दप्तरातच होती. मामींचा हात आता थोडा थरथरतो, त्यामुळे ठिपके गोल आले नाहीत. लाल ठिपक्यांच्या शेजारी पाच काळे, जरा लांबट.

पाच वाजता पडदा उघडला. शेवटच्या खुर्चीतून एकदाही हात वर झाला नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूवर डाग दिसला तर पुसण्याआधी घरात कुणाला तरी विचारा. आपला आवाज आपल्याला कसा वाटतो यावर जाऊ नका, आपलं एखादं माणूस शेवटच्या खुर्चीवर बसवा. आम्हाला वाजवण्याआधी दोन मिनिटं तापू द्या. आणि एवढं सगळं होऊनही आज सकाळी माझ्या डोक्यावर पुन्हा चहाचा कप आहे. कुणीतरी तेवढा उचला.