वरवंट्याचा श्वास

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भाताची झोडणी अर्ध्यावर टाकून माणसं आली होती, आणि सगळ्यांच्या माना एकाच मनगटाकडे वळल्या होत्या. ते मनगट माझ्या धाकट्या जावेचं, देवकीचं. मंत्र-तंत्र करणाऱ्या कोंडूबाबानं आपल्या हातातलं घड्याळ सोडून तिला बांधलं होतं.

"या घड्याळाला सेल नाय!" बाबा ओरडला. "चावी नाय! ज्याला वाटतं त्यानं फिरवून बघा."

पुढच्या एकानं बटण फिरवलं. "गुंततच नाय काय. नुसतंच फिरतंय."

"मंग चालतंय कशावर? माणसाच्या श्वासावर! श्वास खोल, घड्याळ चालू. जीव उंबऱ्यावर आला, घड्याळ बंद. डाक्तरला नंतर कळतं, याला आदल्या दिवशी कळतं."

"काय शक्ती बघा," मागून कुणीतरी म्हणालं आणि हात जोडले.

सत्त्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. टोकावड्याच्या वर, डोंगराला चिकटलेली आमची वाडी. देवकीचं बाळंतपण घरीच झालं. आठव्या दिवशी तिला ताप भरला आणि अंगावरून जाणाऱ्याला वास मारायला लागला. मी शहापूरला बारावीपर्यंत शिकलेली. सासरी त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच, की खताच्या पिशवीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं. तरी मी म्हणाले, "हिला आत्ताच्या आत्ता मुरबाडला दवाखान्यात न्या."

माझा दीर किशोर, देवकीचा नवरा, बाबाकडे बघायला लागला.

"न्या की," बाबा म्हणाला. "पण गावाची येस ओलांडलीत का वाटेतच घड्याळ बंद पडंल. मंग माझ्याकडं रडत येऊ नका."

"वयनी, तुमी शिकलेल्या आहात," किशोर मला म्हणाला, "पण ह्याच्यातलं तुमाला नाय कळत." संपलं.

सकाळी घड्याळ बंद पडलेलं होतं.

माझ्या सासूबाई हौसाबाईंनी हंबरडा फोडला. बाबाला बोलावणं गेलं. त्यानं घड्याळ मुठीत धरलं, पुटपुटत देवकीवरून एकवीस वेळा ओवाळलं, हात पार खांद्यापासून फिरवत. मग उघडून दाखवलं. चालू! लोकांनी जयजयकार केला. घड्याळ पुन्हा देवकीला बांधलं, आणि दुसऱ्या सकाळी ते पुन्हा बंद.

मी भांडले. सासूबाईंशी भांडले, किशोरशी भांडले, शेजारणींशी भांडले. माझा नवरा कारखान्यात, आठवड्यानं घरी येणारा, त्याच्याशी मनातल्या मनात भांडले. हे सगळं दोन लेकरं सांभाळून. माझी नम्रता दहा महिन्यांची, आणि देवकीला दूध येईना म्हणून तिचं बाळही माझ्याच अंगावर. एक सोडलं की दुसरं. तावातावानं बोलायला उठावं, तर पदराखालचं लेकरू रडायचं आणि माझं वाक्य तिथंच राहायचं.

बाबानं मग नवंच काढलं. "आईचा श्वास जातोय कुठं? बांधा घड्याळ पोराच्या पायाला."

बंद घड्याळ बाळाच्या पायाला बांधलं, बाळाला झोळीत घातलं. ते रडलं म्हणून सासूबाईंनी झोके दिले. थोड्या वेळानं बाबानं झोळी उघडली. टिकटिक चालू होती.

"बघा! पोर आईला पितंय!"

पुढचा हुकूम असा, की बाळाला सकाळी उंबरमाळीला त्याच्या आत्याकडे पोचवायचं, अमावास्येपर्यंत आईच्या नजरेला पाडायचं नाही, आणि देवकीला जागची हलवायची नाही. घड्याळ पोराच्याच पायाला राहू द्यायचं.

अंगण रिकामं झाल्यावर देवकीनं मला हाक मारली. ओठ सुकून फाटले होते. "ताई, माझं पोर खातंय का गो मला?"

मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

बाळाला पाजायला घेतलं तेव्हा पायातलं घड्याळ त्याला टोचत होतं. सोडून फडताळात ठेवलं. बाळ पिऊन माझ्या मांडीवरच झोपलं. नम्रता दुसऱ्या बाजूला लोंबकळत होती. तास गेला असेल, दोन गेले असतील. सहज फडताळात नजर गेली, तर काटा थांबलेला.

खरं सांगते, क्षणभर मलाही बाबाचं खरं वाटलं. बारावी शिकलेल्या मी बाळाच्या छातीला कान लावला. ते मस्त झोपलं होतं, ओठाच्या कोपऱ्यात दूध. श्वास चालू, घड्याळ बंद.

मग काय बदललं? मघाशी झोके चालू होते. आता नव्हते.

बारसं दोन दिवसांवर होतं. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, त्यामुळेच मला तो सुचला असावा. पाट्यावरचा वरवंटा उचलला, बाळाच्या दुपट्यात गुंडाळला, वर त्याचंच टोपरं घातलं, घड्याळ बांधलं, झोळीत ठेवला, बाळाला पुन्हा मांडीवर घेतलं आणि दोरी ओढायला लागले. वीस-पंचवीस झोक्यांत टिकटिक सुरू झाली. मी हसत होते की रडत होते, आठवत नाही.

सासूबाई गोठ्यातून आल्या. "कोन गो झोळीत? पोर तर तुझ्या मांडीवर."

"तुमीच बघा, आत्याबाई."

त्यांनी टोपरं काढलं. "हे काय गो येड्यासारखं?"

"घड्याळ बघा आधी."

काटा पळत होता. सासूबाई वाकल्या आणि त्यांनी कान लावला. घड्याळाला नाही, वरवंट्याला!

"यानं कुणाचा श्वास प्यायला?" मी विचारलं. "मिरच्यांचा?"

त्या खाली बसल्या. मी दोरी थांबवली, घड्याळ हातात दिलं, पुन्हा घेतलं, पुन्हा झोके दिले. त्यांनी सगळं बघितलं. नंतर शेणाचे हात तसेच घेऊन दारात गेल्या. "किशोर! जीप बघ. देवकीला मुरबाडला न्यायची."

"आये, बाबानं येस ओलांडू नको म्हनून..."

"बाबाला म्हनावं, मसाला वाट! जीप बघ आधी."

मुरबाडच्या डॉक्टरीणबाई फार बोलल्या नाहीत. बाळंतपणात वार थोडी आत राहिली होती, तिचं विष अंगात पसरलं होतं. "आणखी एक दिवस थांबला असतात, तर माझ्या हातात काही नव्हतं," म्हणाल्या. सलाइन, इंजेक्शनं. पाचव्या दिवशी देवकीनं बाळ मागितलं.

त्या पाच दिवसांत मी घड्याळ घेऊन तिथल्याच बाजारातल्या ज्ञानेश्वरमामांकडे गेले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पाठ उघडली आणि हसले.

"अगो, हे तर जपानी. वीस-पंचवीस वर्षांचं आसंल. याला बोलतात ऑटोमॅटिक. हे बघ." आत अर्धचंद्रासारखं एक जड पान होतं. मामांनी घड्याळ जरा तिरकं केलं, तसं ते गरकन फिरलं. "हात हलला का हे फिरतं, हे फिरलं का स्प्रिंगला चावी बसते. हात पडून राहिला, का थोड्या वेळात बंद."

तबकडीवर ब्लेडनं खरवडलेली एक ओळ होती. ऑटोमॅटिक हाच शब्द तिथं असतो, असं मामा म्हणाले. "आणि मी वळखतो हे घड्याळ. कोंडूनं कल्याणच्या जुन्या बाजारातून आणलेलं, बंद आहे म्हनून माझ्याकडं आला. मीच सांगितलं त्याला, घालून फिर, आपोआप चालंल."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आजारी माणसाच्या हातावर ते थांबणारच, आणि ओवाळलं की चालू होणारच.

चक्रांत कुंकू आणि धुपाची काजळी बसली होती, म्हणून चावी रात्रभरही टिकत नव्हती. मामांनी सगळं सुटं करून पेट्रोलमध्ये धुतलं, तेल दिलं, नवी काच बसवली.

देवकीला घेऊन घरी आलो, तर ओटीवर चार बाया बसलेल्या. समोर आमचा वरवंटा, हळदीकुंकू लावलेला! "बाबाची शक्ती तुमच्या वरवंट्यात आली, वयनी." डोकं फोडून घ्यावंसं वाटलं. सासूबाईंनी वरवंटा उचलला, धुतला आणि लसूण ठेचायला घेतला.

रविवारी ज्ञानेश्वरमामा वाडीवर आले. अंगण पुन्हा भरलं. कोंडूबाबाही घड्याळ मागायला आला होता. "उघडलंत तर कोप होईल!"

"दुकानात उघडून धुतलं त्याला आठ दिवस झाले," मामा म्हणाले. "कोपाला टाइम झाला नसंल."

घड्याळाची पाठ निघाली. एकेकानं वाकून ते फिरणारं पान बघितलं, हात हलवून बघितला. कुणी हसलं, कुणी बाबाला शिवी घातली. बाबा केव्हा सटकला कळलंच नाही. पुढे तो माळशेजच्या बाजूला दुसरंच काहीतरी घेऊन बसल्याचं ऐकलं.

शेवटी खालच्या पाड्यावरचा अनंता पुढे आला. त्यानं पान बोटानं फिरवलं, थांबू दिलं, पुन्हा फिरवलं.

"गौरीत माझ्या आईला बांधलेलं हे," तो म्हणाला. "थांबलं. मंग आमी गाडी नाय केली." पानावरचं बोट न काढता म्हणाला, "ती नुसती पडून होती, वयनी. हलत नव्हती म्हनून थांबलं?"

"हो," मी म्हणाले.

म्हणून साधंच लिहिते. कुणी चमत्कार दाखवला, तर पाया पडायच्या आधी तोच प्रयोग दगडावर करून बघा. बाळंतिणीला ताप आला, वास मारायला लागला, तर त्याच दिवशी गाडी करा. आणि कुणी सांगितलं की वेस ओलांडू नका, तर आधी वेस ओलांडा आणि मग परत येऊन त्याच्याशी वाद घाला. मी उलटं केलं. दोन दिवस वादच घालत बसले.