सात नंबरची जागा

डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या शुभ्रा सोसायटीत गाड्या बावीस आणि पार्किंगच्या जागा नऊ. म्हणून कधीकाळच्या एका सभेत नियम झाला होता, की ज्याचं वाहन रात्री जागेवर नसेल, त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या माणसाला जाणार. सात नंबरची जागा चौदा वर्षं श्रीपादकडे टिकली, कारण चौदा वर्षांत त्याची गाडी एकही रात्र बाहेर राहिली नव्हती. महाबळेश्वरला तो आणि त्याची बायको वासंती एसटीने गेले, गणपतीपुळ्यालाही एसटीनेच. गाडी मागे राहून जागा सांभाळायची.

वासंतीने रंगांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर ती गाडी शिकली आणि गाडीतच झोपून प्रवास करणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागली. डिसेंबरात श्रीपाद जुनी गाडी देऊन त्याच संध्याकाळी त्याच जागेवर नवी आणणार होता, आणि नवीला तो कोणाला हातही लावू देणार नव्हता. त्याआधी या गाडीत एकदा तरी डोंगराच्या पायथ्याशी जाग यावी, एवढीच वासंतीची इच्छा होती.

तिने मागची सीट काढून तिथे प्लायवूडची फळी बसवली. फळी एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर, श्रीपाद एकशे शहात्तर. खिडक्यांना मच्छरदाणीचे तुकडे शिवून कडेने लोहचुंबक लावले. पाण्याचा कॅन आणि छोटी शेगडी घेतली. माळशेजच्या पायथ्याशी धोंडीबा नावाचे शेतकरी शेतात गाडी लावू देतात, संडास आणि विहीर वापरू देतात, असं कळल्यावर फोन करून शनिवार पक्का केला.

श्रीपादला सगळं आवडलं, फक्त निघणं सोडून. पहिली रात्र घराजवळ काढून बघावी, असं व्हिडिओतच सांगितलंय, हे त्याने तिला दाखवलं. ते खरंच होतं. सोमवारी दोघं सात नंबरमध्ये झोपली. मंगळवारीही झोपली. बुधवारी पेपरवाला पेपर थेट गाडीवर टाकून गेला. गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, नव्या जागेत राहायला आलात म्हणून, अळूवड्या घेऊन आल्या आणि पुढच्या सीटवर बसून घर कसं हवेशीर आहे ते सांगून गेल्या. श्रीपादने डॅशबोर्डवर तुळशीची कुंडी ठेवली.

प्रतीक्षा यादीत पहिली होती चौथ्या मजल्यावरची संचिता. ती रोज संध्याकाळी खाली येऊन वासंतीला, काकू कधी निघताय, असं मायेने विचारायची. तिने आपल्या गाडीसाठी नवं कव्हरही आणून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता वासंती म्हणाली, "मी उद्या निघतेय. तुम्ही येताय का, तेवढं सांगा."

"अगं, आणि जागा?"

"जागेत तुम्ही राहा."

हे तिने रागाने म्हटलं होतं. श्रीपादने मात्र चहा संपेपर्यंत त्यावर विचार केला आणि तो थेट सेक्रेटरी मुकुलकडे गेला.

संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यांशेजारी कमिटी बसली. माणूस म्हणजे वाहन नव्हे, हा संचिताचा मुद्दा होता. मुकुलने नियम दोनदा वाचला. वाहन म्हणजे काय, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा श्रीपादने घरून चाकांची ऑफिसची खुर्ची आणली, तो तिच्यावर बसला आणि पायांनी रेटत खांबापर्यंत जाऊन आला. मुकुलने त्याला रिव्हर्स घ्यायला सांगितलं. त्याने घेतला, खांबाला न घासता. संचिता म्हणाली, हॉर्न नाहीये. कोणीतरी सायकलची घंटी आणून खुर्चीच्या हाताला बांधली. पीयूसीचं कोणाला सुचलं नाही, हे बरं झालं.

"काका, पिवळ्या पट्टीच्या आत राहायचं," असं बजावून मुकुलने सोसायटीचा स्टिकर त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवला.

शनिवारी सकाळी वासंतीने गाडी बाहेर काढली. आरशात तिला श्रीपाद खुर्ची रेटत जागेत शिरताना दिसला. कल्याणला भाजीच्या ट्रकांमध्ये अर्धा तास गेला, पण मुरबाडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. दुपारी ती शेतात पोचली. धोंडीबांनी गाडीपेक्षा मच्छरदाणीचं जास्त कौतुक केलं.

पहाटे जाग आली तेव्हा बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. काचांवर तिच्याच श्वासाची वाफ साचली होती. गारठ्यामुळे तिने काचा पूर्ण बंद केल्या होत्या; खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला हवी होती. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची तिला लाज वाटली. मग तिने तळहाताने काच पुसली आणि डोंगर अगदी समोर आला. ती बराच वेळ हात तसाच धरून बसली.

शेगडीवर चहा ठेवला तोच श्रीपादचा फोन आला. मान जरा आखडली होती, पण संचितानेच उशी आणून दिली होती. मुकुलने त्याला एकदा सहा इंच मागे घ्यायला लावलं होतं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "येणारा-जाणारा थांबून बोलतो गं इथे. वर घरात कोण बोलतं? तू घाई करू नकोस."

ती दुपारी परत फिरणार होती. तिने कपात चहा ओतला, दुसरा कप धोंडीबांना दिला आणि घाट चढून गेल्यावर प्यायचं पाणी कुठे मिळतं ते विचारलं.