पंचवीस किलोंचा ताण

कारागिराने दांडा फिरवला, तार ताणली गेली आणि रॅकेट ओवायच्या मशीनचा खटका पडला. त्याने सोबत आणलेल्या ताण मोजायच्या काट्यावरचा आकडा पाहिला, काटा सोडवला, पुन्हा अडकवला आणि दांडा पुन्हा फिरवला. असं त्याने चार वेळा केलं.

"ताई, हे पंचवीस किलोंवर लावलंय ना?"

"हो. माझ्या रॅकेट्सचं गटिंग कायम पंचवीसवरच व्हायचं."

"हे बावीसच ओढतंय."

तिला हसू आलं. रॅकेटला जाळी ओवण्याच्या बाबतीत तिच्या वडिलांची चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. दर महिन्याच्या एक तारखेला, मग ते घरी असोत की परमुलखातल्या एखाद्या हॉटेलात, वडील आपला काटा लावून मशीन तपासत. तो काटा तिने फडताळातून काढला आणि मऊ फडक्याची गुंडाळी सोडून कारागिराच्या हातात दिला.

त्याने दोन्ही काटे एकाच तारेत एकापुढे एक अडकवले आणि दांडा फिरवला. त्याच्या काट्याने बावीस दाखवले, वडिलांच्या काट्याने पंचवीस.

"मशीन बिचारं सरळ आहे," तो म्हणाला. "काट्यातली स्प्रिंग थकलीय. काका दर वेळी मशीन त्याच्याशी जुळवत गेले. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं."

"केव्हापासून?"

"हे एका दिवसात होत नाही. कणाकणानं उतरतं, म्हणून तर हाताला कळत नाही. झाली असतील सात-आठ वर्षं."

टेनिस सोडून तिला पाच वर्षं झाली होती.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. स्पर्धेच्या ठिकाणी बाकीच्या मुली आपल्या रॅकेट्स तिथल्या गटिंगवाल्याकडे टाकून जेवायला जात. तिच्या रॅकेटला मात्र परक्याचा हात लागायचा नाही. वडील ते लोखंडी धूड विमानतळांवरून तान्ह्या बाळासारखं सांभाळत नेत आणि खोलीतल्या टेबलावर मांडून बसत. अकरा वर्षं हेच चाललं. पहिली आठ वर्षं बरी गेली, एकदा तर ती जगातल्या पहिल्या पन्नासांत शिरली. मग चेंडू रेषेबाहेर पडायला लागले. फार नाही, वीतभर.

"बाबा, चेंडू उडतोय. जाळी सैल वाटते."

"जाळी पंचवीसची आहे. सैल झालंय ते तुझं मन."

आणि ते काटा लावून दाखवत. हातच्या काकणाला आरसा कशाला! तिने खांद्याचे डॉक्टर केले, मनाचे डॉक्टर केले, लहानपणापासूनचा फटका मोडून नव्याने शिकून पाहिला. शेवटच्या वर्षी ती एकोणीस वर्षांच्या एका पोरीकडून पहिल्याच फेरीत हरली. निर्णायक तीन गुणांचे तिन्ही चेंडू वीतभर बाहेर पडले. विमानतळावर तिने वडिलांची माफी मागितली. ते मशीनच्या खोक्याला दोरी आवळत राहिले. घरी आल्यावरही तो विषय कधी निघाला नाही. आताही मशीन क्लबला देऊन टाकायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. आधी माणूस बोलावून तपासून घ्यायचं.

तिला राग आला. इतका, की खिडकीची चौकट तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी काकांना नीट समजावून सांगतो," कारागीर म्हणाला. "त्यांचा तरी काय दोष म्हणा."

"नको. तुम्ही काही बोलू नका. मशीन क्लबमध्ये नेऊन बरोबर करा. काटा राहू दे इथंच."

ती आतल्या खोलीत गेली. अर्धांगाचा झटका आल्यापासून वडिलांचा उजवा हात उशीवर ठेवलेला असे, ठेवला तसाच राही. डाव्या हाताच्या मुठीत त्यांनी पांघरुणाचं टोक आवळून धरलं होतं. समोरचा चहा तसाच होता, वर साय धरलेला.

"काय म्हणाला?"

तो चहा आणि ती मूठ पाहून तिला कळलं, की संशय त्यांनाही आला होता. कधीपासून, हे विचारण्यात आता अर्थ नव्हता.

"ठीक आहे म्हणाला. पंचवीसला पंचवीस."

"आणि काटा?"

"काटाही."

"नीट बघितलं ना त्यानं? हल्लीचे लोक वरवर बघतात."

"चार वेळा बघितलं, बाबा. मी समोरच होते."

त्यांची मूठ सुटली. त्यांनी डोळे मिटले.

"जीव टांगणीला लागला होता गं. हे अंथरूण धरल्यापासून एकच मनात यायचं. माझ्याच हातून तर काही…"

"काहीतरीच काय!"

"नाही ना? म्हणजे मशीन बरोबर होतं." त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैलावला होता. "मग तुझंच चुकलं."

तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. ती वीत, ती तीन वर्षं, सगळं. बाहेर कारागीर खोक्यात मशीन बसवत होता. एक हाक मारली असती तर तो काटे घेऊन आत आला असता.

"हो, बाबा," ती म्हणाली. "माझंच."

त्यांनी डावा हात उचलला. तो तिच्यापर्यंत पोचेना, तेव्हा दाराला डोकं आपटेल इतकी उंच झालेली ती लेक पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने मान खाली घातली. हात तिच्या केसांवर टेकला.

"असू दे, छकुले. होतं माणसाकडून. मी मनात काही ठेवलेलं नाही. माफ केलंय तुला."

पाच वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. बाहेरून कारागिराने निघतो म्हणून दोनदा हाक मारली. ती उठली नाही, त्यांचा हात झोपेने जड होऊन घसरेपर्यंत तिने डोकं हलवलं नाही.